पिंजऱ्यांची मांडणी नीटनेटकी

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत डॉ. ऑल्डन होस्टेटलर यांचं शिफारसपत्र गेलं नाही, तर डार्ला प्रूइट या जन्मात डॉक्टर होणार नव्हती. हे वाक्य तिनं मनाशी इतक्या वेळा घोकलं होतं की त्यात अतिशयोक्ती किती, हे तिचं तिलाही कळेनासं झालं होतं. आणि खरं पाहता अतिशयोक्ती फारशी नव्हतीच. प्रवेशपरीक्षेचे गुण तीन वर्षं चालतात, तिचे या वर्षाअखेर बाद होणार होते. पुन्हा परीक्षा म्हणजे पुन्हा आठ महिने अभ्यास, आणि वय सव्वीस. गेल्या वर्षी तिनं चौदा मेडिकल कॉलेजांना अर्ज केले होते. चौदांनीही नाही म्हटलं. त्यातल्या तिघांना तर तेवढं कळवायचीही शुद्ध राहिली नाही.

आज बुधवार. होस्टेटलर शुक्रवारी दुपारच्या विमानानं महिनाभरासाठी कोपनहेगनला चालले होते, आणि परदेशी गेल्यावर ते ईमेल उघडत नाहीत हे साऱ्या सिनसिनाटीला ठाऊक होतं. म्हणजे पाच वाजताची मुदत नावापुरती. खरी मुदत त्यांची टॅक्सी येईपर्यंतच.

सकाळपासून ती त्यांच्या बंद दारावरून अकरा वेळा गेली. एकदा हातात उंदरांच्या खाद्याचा डबा होता, एकदा हातमोज्यांचं खोकं, बाकीच्या वेळी नुसताच कामात असल्याचा चेहरा. आत ते फोनवर बोलत होते.

होस्टेटलर वाईट नव्हते, हे सांगायला हवं. वाईट माणूस निदान तुमच्यावर डोळा तरी ठेवून असतो. होस्टेटलरांची नजर माणसांवरून अशी जायची जशी आपली भिंतीवरच्या कॅलेंडरवरून जाते. दोन वर्षं ती त्यांच्या प्रयोगशाळेत राबत होती. तळघरातले साडेचारशे उंदीर, त्यांच्या वंशावळी, त्यांची वजनं, मेलेल्यांच्या फुप्फुसांचे काप, सगळं तिच्याकडे. या दोन वर्षांत त्या दोघांचं समोरासमोर बोलणं एकूण तासभर झालं असेल, आणि त्यातला बराचसा वेळ प्रिंटरच्या शाईवर गेला होता.

तरीही पत्र त्यांचंच हवं. ज्याच्या हाताखाली संशोधन केलं त्याचंच पत्र नसेल, तर कॉलेजवाले काय समजायचं ते समजतात. मुलीनं तिथं काहीतरी घाण करून ठेवली असणार.

बाराव्या फेरीला दार उघडं सापडलं. ती आत गेली, आणि पाठ केलेली चार वाक्यं विसरली. एवढंच बाहेर आलं की डॉक्टर, ते पत्र, शुक्रवार. होस्टेटलर कॉम्प्युटरच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाले की गेल्या वर्षीचं असेलच की, तारीख बदल, एका वर्षाचं दोन वर्षं कर, आणि छापून ठेव, जाण्याआधी सही करून पाठवतो. मग तिनं जाताना दार लावून घ्यावं असंही म्हणाले.

डार्ला जिन्यात येऊन भिंतीला टेकली. सुटले, असं तिला वाटलं. चाळीस सेकंदांत काम झालं होतं.

गेल्या वर्षीचं पत्र तिनं स्वतःच लिहिलं होतं. त्यात काही जगावेगळं नाही, या इमारतीत सगळेच तसं करतात. गुरुजींना वेळ नसतो, ते म्हणतात तूच मसुदा कर, मी सही करतो. गंमत अशी की अर्ज भरताना पोरं आधी एका कागदावर सही करतात की माझ्याबद्दलचं पत्र पाहण्याचा हक्क मी सोडला आहे. ती सही नसेल तर पत्राला कुणी भाव देत नाही. म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधल्याचं लिहून द्यायचं आणि मग पत्र आपणच खरडायचं. यात कुणालाच काही खटकत नाही. डार्लालाही खटकलं नव्हतं.

तिला खटकत होतं ते वेगळंच. मे महिन्यात एका कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या बाईंनी फोनवर, नियमात बसत नसताना, दया येऊन सांगितलं होतं की तुमचे गुण चांगले आहेत, मुलाखतीला बोलावणार होतो, पण एक पत्र फार हातचं राखून लिहिलेलं होतं. कुणाचं ते सांगता येणार नाही. पुढच्या वेळी पत्रं कुणाकडून घ्यायची याचा विचार करा.

डार्लानं विचार केला होता. पत्रं तीन होती. एक होस्टेटलरांचं, म्हणजे तिचंच, त्यातला शब्दन् शब्द तिला माहीत. दुसरं ती मदतीला जायची त्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचं, त्या तर हिला लेकीसारखं वागवायच्या. उरले प्रोफेसर ऑर्विल स्टॅम्पर. केंटकीच्या डोंगरातल्या तिच्या छोट्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे, एकाहत्तर वर्षांचे, तोंडाचे फटकळ. पहिल्या वर्षी त्यांनी तिला जेमतेम पासाचा सी दिला होता आणि वर सांगितलं होतं की उदारपणा हा माझा विषय नाही. दुसरं कोण असणार? या वर्षी तिनं त्यांचं नाव यादीतून काढून टाकलं. उन्हाळ्यात त्यांचे दोन ईमेल आले, यंदा पत्र कुठं पाठवायचं म्हणून. तिनं उत्तर दिलं नाही. म्हातारा साळसूदपणे विचारतो बघा, असं तिला वाटलं होतं.

दुपारी तिनं तारीख बदलून पत्र छापायला टाकलं. प्रिंटरपाशी रादका उभी होती. रादका स्तोयानोव्हा, मूळची सोफियाची, डॉक्टरेट झाल्यापासून सहा वर्षं होस्टेटलरांकडे राबणारी, बल्गेरियन माणसाला साजेलशा निराशेनं सगळ्या जगाकडे पाहणारी. आपले कागद घेताना तिनं तो कागदही उचलला आणि वाचला.

त्यात होतं: डार्ला प्रूइट दोन वर्षं माझ्या प्रयोगशाळेत काम करत आहे. ती वेळेवर येते. सांगितलेलं काम पूर्ण करते. तिच्याबद्दल कुणाचीही तक्रार नाही. पिंजऱ्यांची मांडणी नीटनेटकी ठेवते. संधी मिळाल्यास ती समाधानकारक काम करील असं मला वाटतं.

"हे काय आहे?" रादका म्हणाली. "घरमालकानं भाडेकरूला दिलेला दाखला?"

"माझं पत्र आहे. डॉक्टरांचं."

"होस्टेटलर एवढा नीच असेल असं वाटलं नव्हतं मला. गाढव आहे, पण हे म्हणजे अतीच. एका ओळीत तुला मारलंय त्यानं. समाधानकारक म्हणे. अगं, ही शिफारसपत्रांची भाषा असते. समाधानकारक म्हणजे घेऊ नका."

"त्यांनी नाही लिहिलं."

"मग?"

"मी लिहिलं. गेल्या वर्षी. त्यांनी सही केली."

रादकानं कागद खाली ठेवला. मग खुर्ची ओढून ती बसली.

"चौदाही कॉलेजांना हेच गेलं?"

"यात खोटं काही नाही," डार्ला म्हणाली.

"नाही ना. तेच तर म्हणते. तू वेळेवर येतेस हे खरंच आहे. टपालवालाही येतो."

तेव्हा कुठं डार्लाच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं. एक पत्र हातचं राखून लिहिलेलं होतं. ते तिचंच होतं. आपल्याच हातानं तिनं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही नीट मोजूनमापून, स्वल्पविराम तपासून. आणि मे महिन्यापासून मनातल्या मनात शिव्या कुणाला दिल्या, तर त्या म्हाताऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी. तिला इतकी लाज वाटली की ती सरळ तळघरात गेली आणि उंदरांच्या खोलीत दार लावून रडली. उंदरांनी त्याची दखल घेतली नाही.

तुम्ही म्हणाल, मुलगी एवढी हुशार, मग असं पत्र लिहिलंच कसं? तर त्यासाठी ती जिथून आली ते माहीत हवं. तिच्या डोंगरात स्वतःची टिमकी वाजवण्यापेक्षा चोरी केलेली बरी, चोरी लोक विसरतात. तिचा ड्वाइट मामा तरुणपणी राज्याच्या जत्रेत वेल्डिंगमध्ये पहिला आला होता. घरी येऊन ही गोष्ट त्यानं दोनदा सांगितली. फक्त दोनदा. तेव्हापासून अख्खी दरी त्याला 'गव्हर्नर' म्हणायला लागली. दुकानात गव्हर्नर, चर्चमध्ये गव्हर्नर, आणि चाळीस वर्षांनी त्याच्या मयतालाही एकजण म्हणालाच की चला, गव्हर्नरसाहेबांना पोचवून येऊ. डार्लाची आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तिचं एकच सांगणं, आपलं कौतुक दुसऱ्यानं करावं, आपण केलं की ती भीक. डार्लानं ते मसुदा करतानाही पाळलं, जिथं दुसरा करणारा कुणी नव्हताच.

गुरुवारी सकाळी रादकानं तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हणाली, लिही, नवं. दीड तासानं डार्लानं जे लिहिलं त्यात 'समाधानकारक'च्या जागी 'बऱ्यापैकी' आलं होतं. रादकानं बल्गेरियनमध्ये काहीतरी म्हटलं आणि तिला उठवून स्वतः बसली. तिनं पंधरा मिनिटांत दीड पान हाणलं. त्यात अद्वितीय होतं, असामान्य होतं, गेल्या वीस वर्षांतली सर्वोत्तम होतं. वाचताना डार्लाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं पेन घेतलं आणि आधी अद्वितीय खोडलं, मग असामान्य, मग वीस वर्षांचं पाच केलं.

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं," रादका म्हणाली. "मर मग. मी सही केली असती, पण माझ्या सहीला विचारतो कोण? मी तरी कोण आहे इथं, जुनं कपाट."

आणि ती खरंच चिडून निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीत डार्ला गाड्या लावायच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन बसली. डब्यात खिम्याची चिली घातलेली स्पॅगेटी होती, वरचं चीज थिजून गेलं होतं. तिनं डबा बंद केला आणि स्टॅम्परांना फोन लावला. पत्र मागायला तोंड नव्हतंच. पण कालपासून मनावर असलेलं एखादं तरी ओझं उतरवायचं होतं.

त्यांनी लगेच उचलला. तिनं नमस्कार-चमत्कार न करता सगळं सांगून टाकलं. कॉलेजच्या बाईंचा फोन, तिचा संशय, यादीतून काढलेलं नाव, न दिलेली उत्तरं, होस्टेटलरांच्या नावानं आपणच लिहिलेलं पत्र. शेवटी ती म्हणाली, "सर, मला वाटलं तुम्हीच माझा घात केलात."



"सीमुळे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तो पेपर सीच्याच लायकीचा होता."

"माहितीये मला."

"त्या सीबद्दल मी पत्रात लिहिलं होतं, पोरी. पानभर. सी मिळाल्यावर तू आठवडाभर माझ्या खोलीबाहेर जमिनीवर बसून असायचीस. बाकीची पोरं येतात ती गुण वाढवून मागायला. तू आलीस ते काय चुकलं ते विचारायला. चाळीस वर्षांत असं तिघांनी केलं. तेही लिहिलं."

डार्लानं फोन तोंडापासून लांब धरला, म्हणजे रडणं ऐकू जाऊ नये. पण म्हाताऱ्याचे कान चांगले होते. ते म्हणाले की माझं पत्र तयारच आहे, ते टाकायची लिंक पाठव, संध्याकाळपर्यंत जाईल. आणि आता नाक पूस आणि या होस्टेटलरचं सांग. तू तिथं काय केलंस ते त्याला माहीत आहे का?

"त्यांनी कधी विचारलं नाही."

"मी तरी कुठं विचारलं होतं? तू दारात बसायचीस म्हणून मला दिसलीस."

"त्यांचं दार बंद असतं, सर."

"मग ठोठाव. आणि एक ऐक. हातात कागद घेऊन जाऊ नकोस. समोर कागद आला की माणूस सही करतो, वाचत नाही. मीही करतो."

शुक्रवारी साडेदहाला डार्ला होस्टेटलरांच्या दारापाशी उभी राहिली. टॅक्सी साडेअकराला यायची होती. रादकानं जिन्यात तिला गाठलं, एका हातात जुनं पत्र, दुसऱ्या हातात आपलं दीड पान, त्यातली खोडलेली विशेषणं परत घातलेली. म्हणाली, वेडी आहेस का, यातलं एक तरी ने, तो चिडला तर हातात काहीच राहणार नाही. यंदाचं वर्ष गेलं म्हणजे सगळंच गेलं. डार्लाला ते पटत होतं. कागद घ्यावा असं फार वाटत होतं. ती रिकाम्या हातानं दार ठोठावून आत गेली.

होस्टेटलर बॅगेत चार्जर कोंबत होते. न बघताच त्यांनी हात पुढं केला. "आण, सही करतो."

"आणलं नाही."

"मग कसं? मला निघायचंय."

"तुम्ही लिहा, डॉक्टर."

आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी समजावून सांगितलं की हे असंच चालतं, तीस वर्षांपूर्वी त्यांनीही आपल्या गुरूंसाठी आपलं पत्र आपणच लिहिलं होतं, आणि तिचं गेल्या वर्षीचं पत्र चांगलं होतं, नेमकं, पाल्हाळ नसलेलं.

"तुम्ही वाचलं होतंत का ते?"

त्यांनी चार्जर बाजूला ठेवला. खोटं बोलावं की नाही याचा त्यांनी क्षणभर विचार केलेला तिला दिसला.

"नाही," ते म्हणाले. "हे बघ, डार्ला. आता बसून लिहायचं म्हटलं तरी मी काय लिहू? मला तुझ्याबद्दल फारसं माहीतच नाही. वेळेवर येतेस. कुणाची तक्रार नाही."

ते तिच्याच पत्रातलं होतं, शब्दाला शब्द. म्हणजे तिनं तेव्हा अंदाज बरोबर बांधला होता. या माणसाला आपल्याबद्दल जेवढं ठाऊक आहे तेवढंच तिनं लिहिलं होतं. दोन वर्षांचा हिशेब एवढाच. तिला वाटलं, माफी मागावी, रादकाकडून कागद आणावा, अजून पन्नास मिनिटं आहेत. डोळ्यांसमोर ड्वाइट मामा आला, दुकानाच्या पायरीवर मान खाली घालून उभा असलेला.

"पूर्वेच्या भिंतीचा रॅक," ती म्हणाली. "पिल्लं खाणाऱ्या माद्या. तो घोळ मी शोधला."

आणि मग ती थांबली नाही. गेल्या हिवाळ्यात चार महिने पूर्वेच्या भिंतीलगतच्या माद्या आपलीच नवजात पिल्लं खात होत्या. खाद्य दोनदा बदललं, वाण बदलायची बोलणी चालली होती, सगळा अभ्यास गुंडाळायची वेळ आली होती. डार्ला तीन रविवार तळघरात उलट्या बादलीवर बसून होती, सकाळी सातपासून पाचपर्यंत, वही घेऊन. रविवारी इमारत गप्प असते. सामानाची लिफ्ट फक्त दोनदा जाते, इस्पितळाच्या चादरींच्या गाड्या घेऊन, नऊ वाजून दहा मिनिटांनी आणि दोनला. भिंतीपलीकडून लिफ्ट गेली की पूर्वेच्या रॅकवरच्या माद्या घरट्यातून उठून उभ्या राहायच्या. पश्चिमेच्या राहत नव्हत्या. माणसाला काही जाणवत नव्हतं. तिनं रॅकवर पाण्याची बशी ठेवली, आणि लिफ्ट जाताना पाणी थरथरताना पाहिलं. तिसऱ्या रविवारनंतर सोमवारी सफाईवाल्या बाईंना हाताशी घेऊन तिनं रॅक ओढून पश्चिमेला नेला. त्यानंतर एकही पिल्लू गेलं नाही. बैठकीच्या फळ्यावर तिनं एकच ओळ लिहिली होती, 'रॅक हलवला.'

होस्टेटलरांनी चष्मा काढला.

"ते रादकाचं काम असं मी समजत होतो."

"रादका तेव्हा सोफियात होती. तिच्या आईचं ऑपरेशन होतं."

"शिकागोला भाषणात मी..." ते म्हणाले, आणि पुढचं त्यांनी गिळलं. शिकागोला ते काय म्हणाले होते हे डार्लाला माहीत होतं, रेकॉर्डिंग तिनं पाहिलं होतं. आम्ही रॅक हलवला, म्हणाले होते, आणि लोक हसले होते, कौतुकानं.

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तुम्ही विचारलं नाहीत, हे उत्तर जिभेवर तयार होतं. पण ते खरं नव्हतं, निदान सगळं खरं नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही हसाल."

ते हसले नाहीत. खाली मान घालून चष्मा पुसत राहिले, जरुरीपेक्षा जास्त वेळ. डार्लाला त्यांची दया आली नाही. तिला फक्त घड्याळ दिसत होतं. अकराला दहा कमी.

"ती वही आहे का तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

ती धावत जाऊन वही घेऊन आली. तारखा, वेळा, कुठली मादी उठली, कुठली नाही, बशीतल्या पाण्याच्या पेन्सिलनं काढलेल्या आकृत्या. होस्टेटलरांनी पानं उलटली, मग मागं जाऊन पुन्हा उलटली. बॅग त्यांनी पायानं टेबलाखाली सरकवली आणि कॉम्प्युटर उघडला.

"बाहेर थांब," ते म्हणाले. "पत्र पाहणार नाही अशी सही केली आहेस ना?"

"केली आहे."

"मग या वेळी खरंच पाहू नकोस."

तिनं दार लावून घेतलं. बाहेर रादका भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही कागद अजून हातात. काय झालं, म्हणून तिनं भुवया उंचावल्या. डार्लानं सांगितलं की लिहितायत. काय लिहितायत? माहीत नाही. रादकानं कपाळाला हात लावला. आतून टायपिंगचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. तो थांबला की डार्ला दाराला कान लावायची. आठवलेलं संपलं असेल. कंटाळले असतील. कदाचित समाधानकारक, असंही लिहिलं असेल. आता तर तिला तेही कळणार नव्हतं. मागच्या पत्राचा शब्दन् शब्द तिला पाठ होता, याचा एक शब्द माहीत नव्हता, आणि सगळा जन्म त्यावर टांगलेला.

साडेअकराला खालून फोन आला की टॅक्सी आली आहे. आतला आवाज चालूच होता. अकरा छत्तीसला पुन्हा फोन आला की ड्रायव्हर निघतो म्हणतोय. ड्रायव्हर निघाला तर होस्टेटलर उठतील, अर्धं सोडून उठतील. डार्लाला लिफ्टची वाट पाहवली नाही. पाच मजले ती जिन्यानं खाली पळाली.

टॅक्सी दारासमोर उभी होती, इंजिन चालू. ड्रायव्हर पन्नाशीतला गृहस्थ, लोकरीची टोपी घातलेला. तिनं खिडकीच्या काचेवर हात ठेवला आणि धापा टाकत सांगितलं की थांबा, येतायत ते, एक पत्र लिहितायत.

"विमान त्यांचं चुकेल, माझं काय," तो म्हणाला. "पण मला बाराला दुसरं भाडं आहे. एवढं कसलं पत्र?"

"माझ्याबद्दल आहे."

त्यानं तिला खालून वर न्याहाळलं. उंदरांच्या पिंजऱ्यातल्या भुशाचे कण लागलेला निळा डगला, सुजलेले डोळे, मोजे दोन रंगांचे.

"तुझ्याबद्दल? असं काय केलंस तू, की तो माणूस विमान सोडून लिहीत बसलाय?"

तो टिंगल करत होता की खरंच विचारत होता, कळायला मार्ग नव्हता. डार्लानं वर पाचव्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं. तिथं त्यांचं डोकं अजून खाली वाकलेलं दिसत होतं.

"जरा लांबण आहे," ती म्हणाली.

त्यानं घड्याळ पाहिलं, सुस्कारा सोडला आणि इंजिन बंद केलं. "सांग."

तिनं पहिल्या रविवारपासून सुरुवात केली, आणि एकही गोष्ट गाळली नाही.